८०८५चे जुने ट्रेनर किट : तीन सेन्सरांच्या बहुमताची सबरूटीन लिहून केलेले परीक्षण

इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवर बेतलेले, बटणे दाबून यंत्रभाषेतील आज्ञा भरण्याचे ट्रेनर किट आजच्या काळात पैसे देऊन घ्यावे का, असे कुणी विचारले तर दहातले नऊ जण नाही म्हणतील, आणि फुकटचे सिम्युलेटर हाताशी असताना त्यांना खोडून काढणेही सोपे नाही. तरीही नाशिकमधल्या सातपूरच्या एका प्रयोगशाळा-साहित्य विक्रेत्याकडून असे एक वापरलेले किट मी साडेतीन हजार रुपयांना घेतले. अंबडला आमच्याकडे कंट्रोल पॅनेलच्या कामावर जी शिकाऊ मुले येतात त्यांना पीएलसीचा, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचा, शिडीसारखा लॅडर डायग्राम काढता येतो, परंतु त्या शिडीच्या एका पायरीमागे प्रोसेसर नेमके काय करतो, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. ते दाखवता यावे, एवढाच हेतू होता. म्हणून हे परीक्षण किटच्या सगळ्या अंगांचे नसून एका ठरावीक कामापुरते आहे : तर्कक्रियेची एक छोटी सबरूटीन (हवी तेव्हा बोलावता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा) हाताने संकेतात उतरवणे, ती किटमध्ये भरणे, चालवणे आणि तिने आत काय केले ते तपासणे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या घडणीची किटे आपल्याकडे अनेकांनी बनवली आणि पुढे सांगितलेले दोष त्यांपैकी कुणातही निघू शकतील.

या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे इंटेलचेच एसडीके-८५ हे किट. ८०८५ बाजारात आला १९७६ मध्ये. आधीच्या ८०८० ला तीन निरनिराळे विद्युतदाब लागत, याला पाच व्होल्टचा एकच पुरतो. आमच्या किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि प्रोसेसर आतल्या आत त्याचे निम्मे करून ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो. शून्य पत्त्यापासून ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत, किट चालवणारा मॉनिटर प्रोग्रॅम आहे, २००० या पत्त्यापासून दोन किलोबाइट रॅम आहे, बटणे आणि सहा आकड्यांचा डिस्प्ले ८२७९ ही चिप सांभाळते, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला ८२५५ आहे. या लेखातील पत्ते आणि संकेत सगळे षोडशमान पद्धतीचे आहेत, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ.

कामासाठी निवडलेली तर्कक्रिया अशी की जी ८०८५ ला एका आज्ञेत जमत नाही. अँड (दोन्ही हो तर हो), ऑर (एक जरी हो तर हो), एक्सऑर (नेमका एकच हो तर हो) आणि उलटवणे या चारही क्रियांच्या आज्ञा त्याच्याकडे तयार आहेत. त्यांतली एखादी सबरूटीनमध्ये गुंडाळून दाखवणे म्हणजे पोरखेळ झाला असता. बॉयलर किंवा प्रेस यांसारख्या ठिकाणी एकाच गोष्टीवर तीन सेन्सर लावतात आणि तिघांपैकी दोघे जे सांगतील ते खरे मानतात, म्हणजे एखादा सेन्सर बिघडला तरी यंत्र विनाकारण थांबत नाही आणि थांबायला हवे तेव्हा चालूही राहत नाही. हे बहुमत काढायची रीत सोपी आहे : पहिल्या दोघांपैकी एक जरी हो म्हणाला आणि तिसराही हो म्हणाला, किंवा पहिले दोघेही हो म्हणाले, तर उत्तर हो. आठ बिटांच्या प्रोसेसरवर ही क्रिया एकाच वेळी आठ जागी होते. बी, सी आणि डी या रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांत, एकेक बाइट ठेवला की आठ निरनिराळ्या ठिकाणांची बहुमते एकाच खेपेला ए मध्ये मिळतात. मुलांना सर्वांत नवल वाटले ते याचेच, कारण लॅडरमध्ये त्यांनी हेच आठ वेळा काढले असते.

कागदावर उतरवलेली सबरूटीन पुढीलप्रमाणे :

२०५० : डी५ – पुश डी
२०५१ : ७८ – मूव्ह ए, बी
२०५२ : बी१ – ऑर सी
२०५३ : ए२ – अँड डी
२०५४ : ५एफ – मूव्ह ई, ए
२०५५ : ७८ – मूव्ह ए, बी
२०५६ : ए१ – अँड सी
२०५७ : बी३ – ऑर ई
२०५८ : डी१ – पॉप डी
२०५९ : सी९ – रिटर्न

एकूण दहा बाइट. ई हे रजिस्टर मधला निकाल ठेवायला वापरले आहे, आणि बोलावणाऱ्या प्रोग्रॅमचे त्यात काही ठेवलेले असेल तर ते बिघडू नये म्हणून सुरुवातीला पुश डी आणि शेवटी पॉप डी. ८०८५ मध्ये रजिस्टरे जोडीनेच स्टॅकवर, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या नोंदींच्या चळतीवर, जातात (पुश म्हणजे तेथे ठेवणे, पॉप म्हणजे परत काढणे), त्यामुळे ई वाचवायचे तर डी सोबत जातेच. येथे हुशारी करून कुणी ए आणि फ्लॅगांची (मागच्या उत्तराविषयीच्या खुणांची) जोडीही पुश-पॉप केली, तर शेवटच्या पॉपने ए मधले तयार उत्तर पुसून तेथे जुनी किंमत येईल. सबरूटीन बिनचूक चालेल आणि काहीच परत देणार नाही.

बोलावणारा प्रोग्रॅम २००० पासून सोळा बाइटांत बसतो : ३१ ०० २७ ने स्टॅक पॉइंटर (स्टॅकचे टोक कुठे ते सांगणारे रजिस्टर) २७०० वर ठेवायचा, ०६ ३सी ने बी मध्ये ३सी, ०ई ५ए ने सी मध्ये ५ए, १६ ०एफ ने डी मध्ये ०एफ घालायचे, सीडी ५० २० ने सबरूटीन बोलावायची (ही कॉल आज्ञा), ३२ ८० २० ने उत्तर २०८० वर ठेवायचे आणि सीएफ ने मॉनिटरकडे परत जायचे. पत्त्याचा धाकटा बाइट आधी आणि थोरला नंतर, हा इंटेलचा शिरस्ता सिम्युलेटर परस्पर पाळतो, म्हणून तेथे तो कुणाच्या ध्यानात राहत नाही; येथे ५० आणि २० हे आकडे आपल्याच बोटांनी उलटे भरावे लागतात आणि एकदा भरले की पुन्हा सांगावे लागत नाही. उत्तर १ई यायला हवे, आणि ते येते. कागदावर तीन बाइट द्विमान रूपात एकाखाली एक मांडून प्रत्येक स्तंभात दोन किंवा अधिक एक कुठे आहेत ते मोजले, की हेच मिळते.

आता किटच्या गुणदोषांकडे वळतो, आणि पहिली तक्रार बटणांची आहे. ८२७९ मध्ये बटणाची थरथर गाळण्याची सोय असली, तरी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या हाताखाली घासलेल्या बटणांपुढे ती तोकडी पडते. अंकाचे बटण दोनदा लागले तर निदान ते दिसते : ३सी भरताना सी दोनदा उमटला की डिस्प्लेवर सीसी येते, आणि पुन्हा दोन अंक दाबले की दुरुस्त होते, कारण मॉनिटर शेवटचे दोनच अंक धरतो. खरी मेख पुढच्या पत्त्यावर नेणाऱ्या बटणाची आहे. ते दोनदा लागले की एक पत्ता न भरताच मागे राहतो, तेथे जुना कचरा तसाच असतो, आणि डिस्प्ले चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढचा पत्ता दाखवतो. म्हणून भरलेला प्रोग्रॅम पहिल्या पत्त्यापासून पुन्हा एकदा वाचून काढल्याखेरीज चालवायचा नाही, हा नियम आम्ही घालून घेतला आहे.

ते वाचतानाच दुसरी अडचण येते. सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेवर बी हे अक्षर धाकट्या लिपीत दाखवावे लागते, आणि त्याच्यात व सहा या आकड्यात फरक असतो तो फक्त वरच्या आडव्या रेघेचा. आमच्या किटच्या शेवटच्या घरातील ही रेघ मंद झाली आहे. परिणामी ०६ आणि ०बी हे दोन संकेत उजेडात सारखेच दिसतात. ०६ म्हणजे पुढचा बाइट बी मध्ये घाल. ०बी म्हणजे बी-सी या जोडीतून एक वजा कर, आणि ही आज्ञा एका बाइटातच संपते, त्यामुळे मागोमाग येणारी ३सी प्रोसेसरला माहिती न वाटता आज्ञा वाटते : ए मध्ये एक मिळव. प्रोसेसर त्या दोन्ही आज्ञा निमूटपणे पाळतो, पुढची ०ई पुन्हा बरोबर ठिकाणी पकडतो, आणि प्रोग्रॅम शेवटपर्यंत व्यवस्थित जातो. उत्तर तेवढे चुकते. यंत्राच्या दृष्टीने आज्ञा आणि माहिती यांत काहीही भेद नसतो, हे वर्गात कितीही घोकले तरी जे पटत नाही ते या मंद रेघेने पटवले, हे मान्य करूनही, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत असला दोष नसावा हेच खरे. घेण्यापूर्वी सहाही घरांत आठचा आकडा उमटवून पाहावा.

या किटची खरी किंमत वसूल होते ती स्टॅक पाहताना. वरच्या प्रोग्रॅमच्या शेवटी सीएफ ऐवजी ७६, म्हणजे हॉल्ट, घालून चालवला की डिस्प्ले कोरा पडतो आणि रीसेट दाबावे लागते. पण रॅममधले काही जात नाही. आता २६एफई आणि २६एफएफ हे दोन पत्ते उघडून पाहावेत. तेथे ०सी आणि २० सापडतात. कॉल या आज्ञेनंतरची आज्ञा २००सी वर आहे, आणि सबरूटीनकडे जाण्यापूर्वी प्रोसेसरने परतीचा हा पत्ता तेथे नोंदवून ठेवलेला होता. एक पत्ता खाली, २६एफडी वर, ०एफ दिसतो : पुश डी ने वाचवलेले डी. हेच सीएफ ने संपवलेल्या प्रोग्रॅमनंतर पाहिले तर ०सी च्या जागी १० दिसतो, कारण सीएफ ही स्वतःदेखील एक प्रकारची कॉल आहे आणि जाता जाता ती आपल्या पुढचा पत्ता, २०१०, त्याच जागेवर लिहून जाते. एका मुलाने हे स्वतःहून शोधले आणि “सर, याचा पत्ता बदलला कसा?” म्हणत वही घेऊन आला, त्या एका प्रश्नात किटचे निम्मे पैसे वसूल झाले, असे मी समजतो. (काही किटांत परतीसाठी सीएफ ऐवजी ईएफ वापरतात, आपल्या किटच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.)

परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवणे आज इतके अंगवळणी पडले आहे की दुसरी काही रीत असू शकेल हे सुचतही नाही. डीईसी कंपनीच्या १९६५ च्या पीडीपी-८ या संगणकात परतीचा पत्ता सबरूटीनच्याच पहिल्या शब्दात लिहिला जाई, त्यामुळे सबरूटीनने स्वतःलाच पुन्हा बोलावले की आधीचा पत्ता पुसला जाई. त्या यंत्रात दोन संख्यांवर करायच्या तर्कक्रियेची आज्ञा एकच होती, अँड. ऑर हवे असेल तर दोन्ही संख्या उलटवायच्या, त्यांचे अँड करायचे आणि आलेले पुन्हा उलटवायचे, ही डी मॉर्गनची वाट धरावी लागे. आमची बहुमताची सबरूटीन त्या मर्यादेत, म्हणजे ऑरची आज्ञा न वापरता, लिहून पाहण्याचा सराव या किटवर फार चांगला होतो, आणि तो पुस्तिकेत असायला हवा होता.

पुस्तिकेविषयी मात्र हात राखून लिहिण्यात अर्थ नाही : किट चांगले आहे, पुस्तिका नाही. तिच्या शेवटी दिलेला संकेतांचा तक्ता बिनचूक आणि मजबूत कागदावर छापलेला आहे, तेवढे वगळता तर्कक्रियांचे प्रकरण उरकून टाकल्यासारखे आहे. उदाहरणादाखल तिच्यातील नँडची सबरूटीन घ्या : ७८, ए१, २एफ, सी९. बी आणि सी यांचे अँड करायचे, उलटवायचे, परतायचे. ए मधले उत्तर बरोबर येते. परंतु पुढच्याच पानावर बोलावणारा प्रोग्रॅम या उत्तराच्या जोरावर झीरो फ्लॅग (उत्तर शून्य आले की वर जाणारी खूण) पाहून उडी मारतो, आणि येथे घोडे पेंड खाते, कारण ८०८५ मध्ये उलटवण्याची आज्ञा कोणत्याही फ्लॅगला हात लावत नाही. बी आणि सी दोन्हींत एफएफ असतील तर अँडचे उत्तर एफएफ, म्हणून झीरो फ्लॅग खाली. उलटवल्यावर ए मध्ये शून्य, आणि फ्लॅग अजून खालीच. उडी बसायला हवी तेथे बसत नाही. उपाय एका बाइटाचा आहे : परतण्यापूर्वी बी७ घालायचा, म्हणजे ए चे ए शीच ऑर होते, ए बदलत नाही आणि फ्लॅग खऱ्या उत्तराप्रमाणे लागतात. आमच्या बहुमताच्या सबरूटीनला याची गरज पडत नाही, कारण तिची शेवटची तर्कक्रिया ऑर आहे आणि नंतर येणारी पॉप डी फ्लॅगांना स्पर्श करत नाही. पुस्तिकेने हा फरक एका ओळीत सांगितला असता तरी पुरे होते.

दुसरा दोष म्हणजे एकाही उदाहरणात स्टॅक पॉइंटर ठरवलेला नाही. मॉनिटर आपल्या सोयीने तो ठरवून देतो म्हणून उदाहरणे चालतात. परंतु रीसेट केल्यावर त्यात काय असेल याची हमी खुद्द ८०८५ देत नाही, आणि येथे लागलेली सवय घेऊन विद्यार्थी उद्या स्वतःच्या बोर्डवर गेला की पहिल्याच कॉलला प्रोग्रॅम भरकटतो.

वेळेचा हिशेबही पुस्तिकेत नाही, तो हाताने करावा आणि अवश्य करावा. सबरूटीनमधील सात तर्क आणि मूव्ह आज्ञा प्रत्येकी प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार ठोक्यांच्या, म्हणजे २८ ठोके. कॉलला १८ आणि परतायला १०, तेही २८. म्हणजे पुश-पॉप नसतानाही निम्मा वेळ नुसत्या जाण्यायेण्यात खर्च होतो. पुशचे १२ आणि पॉपचे १० मिळवले की एकूण ७८ ठोके होतात, ते ३.०७२ मेगाहर्ट्झला सुमारे २५ मायक्रोसेकंद भरतात, आणि त्यांतले खरे काम २८ ठोक्यांचेच. प्रत्येक छोट्या गोष्टीची सबरूटीन करावी की ते मोजके बाइट जागच्या जागी लिहावेत, हा निवाडा करायला एवढा हिशेब पुरतो. सिम्युलेटरही ठोके मोजून दाखवतात, हे कबूल. पण तयार आकडा पाहणे आणि तक्त्यातून एकेक आज्ञा शोधून बेरीज करणे यांत, शिकणाऱ्यापुरते तरी, बराच फरक पडतो. मोठा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर मीही सिम्युलेटरच घेईन.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल समाधान आहे. त्याने दुकानातच किट चालू करून दाखवले, ईप्रॉमच्या खिडकीवरचा निघालेला कागद बदलून दिला आणि रॅमसाठी बसवलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीकडे बोट दाखवून सांगितले, “साहेब, ही आधी काढून टाका, नाहीतर बोर्डच्या पट्ट्या खाऊन टाकेल.” बॅटरीला खरोखरच पांढरी बुरशी धरू लागली होती. ती काढल्यामुळे लाइट गेली की भरलेले सगळे जाते, आणि मे अखेरीस वळवाचा पाऊस सुरू झाला की अंबडला लाइट जाण्याला काही मुहूर्त लागत नाही. तेव्हा प्रोग्रॅम कागदावर पक्का लिहिलेला हवाच. सोबतचा जुना जाडजूड पॉवर सप्लाय मी वापरत नाही. या किटला बारा व्होल्ट लागतात ते फक्त सीरियल पोर्टसाठी, एरवी पाच व्होल्टचा चांगला अॅडॉप्टर पुरतो.

एक गोष्ट सोबत मिळाली नाही, ती मात्र मागून घ्यावी : ८२५५ च्या जोडणीची चपटी केबल. ती असली की आज्ञांतून भरलेल्या बाइटांऐवजी खरे स्विच लावता येतात. रीसेटनंतर ८२५५ चे तीनही पोर्ट आपोआप इनपुट होतात, त्यामुळे नियंत्रणाचा शब्द न पाठवताही पोर्ट ए, बी आणि सी वाचून ते अनुक्रमे बी, सी आणि डी रजिस्टरांत टाकता येतात, आणि तीच दहा बाइटांची सबरूटीन एक अक्षरही न बदलता आठ ठिकाणच्या चोवीस सेन्सरांचे बहुमत काढून देते. पोर्टांचे पत्ते किटागणिक वेगळे असतात, ते दुकानातच विचारून वहीत उतरवून घ्यावेत. आमच्या पुस्तिकेतला तो तक्ता नेमका फाटलेल्या पानावर होता.